मोकळ्या जागेची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली आहे.

मावशी ती कुणाला सांगत नाही. एकदाच सांगितली, तीही मला, दार लावून घेऊन. तुमच्यापैकी कुणी मावशीच्या बँडमध्ये असेल तर वाचता वाचता ओळखेलच. ओळखलंत तर एवढंच करा, गप्प राहा. कारण जिची ही गोष्ट आहे, तिलाही भुताच्या गोष्टी वाचायची आवड आहे.

मावशी शाळेत बँड शिकवायची. ड्रम, बिगुल, बासरी, झांजा, सगळं. तोंडाने फटकळ, आणि हातात कायम छडी. छडी मारायला नव्हती, ताल धरायला होती. पण हे पोरांना कोण सांगणार? ती बिचारी टरकूनच असायची. मावशीची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची बिट्टी, त्याच बँडमध्ये तिसऱ्या रांगेत झांजा वाजवायची. शाळेत आईला 'मॅडम' म्हणायचं आणि बोलणी इतरांपेक्षा दुप्पट खायची, असा तिचा संसार.

त्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत बँडला परदेशातून बोलावणं आलं. एका लहानशा शहरात मिरवणूक होती, आणि तिच्यात देशोदेशींच्या शाळांचे बँड वाजवणार होते. शाळेत आनंदीआनंद झाला. विमानात मोठा ड्रम कुठे ठेवणार इथपासून ते तिकडे मोजे वाळतात का इथपर्यंत विचारून पालकांनी मावशीचं डोकं खाल्लं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

मावशीच्या बँडमध्ये नावाने हजेरी नव्हती. रांगा लागल्या की पहिल्यापासून एकेकाने आपल्या वाद्याचा एकच आवाज काढायचा. आवाज आला की मावशी छडी जमिनीवर टेकवायची.

टक.

म्हणजे, तू आलास, ही जागा तुझी. मग पुढचा. टक पडेपर्यंत पुढच्याने वाजवायचं नाही. कुणी आलेलं नसेल तर त्याच्या वाटणीला थोडी शांतता सोडायची आणि पुढे जायचं. मागच्या रांगेत कोण आलंय, कोण पेंगतंय, कुणाचं वाद्य बिघडलंय, हे मावशीला डोळे मिटून कळायचं.

दुसरा नियम असा, की न आलेल्याची जागा भरायची नाही. ती मोकळी ठेवूनच चालायचं. पोरं शेजाऱ्याच्या अंदाजाने पावलं टाकतात. एकाला हलवलं की अख्खी रांग विस्कटते.

दोन्ही नियम मावशीचेच. त्यांचा तिला फार अभिमान होता.

त्या परदेशी शहरात पोहोचल्या पोहोचल्या बिट्टी वसतिगृहाच्या ओल्या पायरीवरून घसरली. घोटा टम्म सुजला. सोबत आलेल्या पीटीच्या सरांनी पट्टी बांधली आणि सांगून टाकलं, की ही काही उद्या चालत नाही. बिट्टी रडली नाही. नुसती खिडकीबाहेर बघत बसली. मावशीला वाईट वाटलं, पण सगळ्यांसमोर लेकीला कुरवाळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"जागा मोकळी ठेवू," ती म्हणाली. "तुझी जागा कुठे जात नाही."

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी तिथल्या एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये सराव होता. लाकडी जमीन, भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि उंच खिडक्यांतून येणारा पांढरट उजेड. थंडी अशी की बिगुलवाली पोरं बिगुलाचं फुंकायचं तोंड काढून खिशात गरम करत होती. बिट्टी कडेच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. तिच्या झांजा पिशवीत होत्या. पिशवी बाकाखाली होती.

हजेरी सुरू झाली.

बिगुल. टक. बिगुल. टक. पहिली रांग झाली, दुसरी झाली. तिसरी सुरू झाली. ड्रम. टक. बासरी. टक.

आता बिट्टीची जागा. शांतता.

आणि त्या शांततेत…

झांजा वाजल्या.

स्वच्छ. एकदाच. जशा वाजायला हव्यात तशा.

आणि मावशीच्या हाताने, वर्षानुवर्षांच्या सवयीने, छडी टेकवली. टक.

पुढची बासरी वाजली. तिच्या पुढचा ड्रम वाजला. हजेरी संपून गेली, तेव्हा कुठे मावशीच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तिने वळून बाकाकडे पाहिलं. बिट्टीचे दोन्ही हात मांडीवर होते. पिशवी तिथेच होती, नाडी बांधलेली.

मावशी काही घाबरली नाही. ती संतापली. तिला लगेच संशय आला तो भोंग्याचा. भोंगा म्हणजे पहिल्या रांगेतला बिगुलवाला. मुख्याध्यापकांच्या खोकल्यापासून शाळेच्या घंटेपर्यंत कशाचीही नक्कल तोंडाने हुबेहूब करायचा. तिने त्याला सगळ्यांसमोर उभं करून झाडलं. भोंगा गळ्याला हात लावून शपथा घ्यायला लागला. एरवी पकडला गेला की तो आधी हसायचा. त्या दिवशी हसला नाही, एवढं मात्र मावशीच्या मनात राहिलं.

मग चालण्याचा सराव झाला. रांगेत जागा मोकळी असली की काय होतं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. शेजारची पोरं नकळत आत सरकतात, मोकळी जागा चिंचोळी होत जाते, आणि मग ती ओरडते. त्या दिवशी जागा जराही चिंचोळी झाली नाही. वळणावर रांग फिरली तीसुद्धा एका रेषेत. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

जागेच्या उजव्या हाताला जी बासरीवाली होती, बिट्टीची जिवाची मैत्रीण, तिला मावशीने बाजूला घेऊन विचारलं, की इतकी छान रेष कशी काय धरलीस. ती म्हणाली, "मॅडम, खांद्याला खांदा लागत होता ना."

कुणाचा, ते मावशीने विचारलं नाही.

दुपारी मिरवणूक. रस्त्याच्या तोंडाशी बँड उभे होते, दोन्ही बाजूंना गर्दी. बिट्टीला पीटीच्या सरांनी हाताला धरून हॉलच्या पायऱ्यांवर आणून बसवलं होतं, तिथून सगळं दिसत होतं. मावशीने या खेपेला भोंग्याला हजेरीपुरता आपल्या शेजारी उभा केला. त्याच्या तोंडावर तिची नजर होती. बघू तर खरं, म्हणाली.

पहिली रांग. दुसरी. तिसरी. ड्रम. टक. बासरी. टक.

शांतता…

झांजा.

भोंग्याचं तोंड बंद होतं. नुसतं बंद नव्हतं, त्याने ओठ घट्ट आवळून धरले होते. "मॅडम," तो कसाबसा म्हणाला, "सकाळीपण मी नव्हतो."

मावशीने छडी उचलून धरली, पण टेकवली नाही. हे आता ती जाणूनबुजून करत होती. पण तिसऱ्या रांगेतली पुढची बासरी वाजेना. वाजणार कशी? आवाज आला होता, टक पडली नव्हती. नियम म्हणजे नियम. सगळी पोरं समोर बघत ताटकळत उभी राहिली. पुढचा बँड निघून गेला. रस्ता मोकळा पडला. आयोजकांतली एक बाई हात हलवून हलवून 'चला, चला' करायला लागली. मागच्या बँडची पोरं माना उंच करून बघायला लागली.

मावशीने छडी टेकवली.

टक.

"तेवढी एक वेळ माझ्या हातात होती," ती मला म्हणाली. "आणि मी लोकांना लाजले."

बँड सुरेख वाजला. इतका सुरेख कधीच वाजला नव्हता. ज्या ज्या ठिकाणी झांजा यायच्या, तिथे तिथे त्या आल्या. लोक टाळ्या वाजवत होते. बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोर तिसऱ्या रांगेकडे बघून हात हलवत होतं. मावशीने त्याच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. तिथे रिकामा रस्ता होता.

मिरवणूक फिरून हॉलपाशीच संपली. आयोजक बाईने प्रत्येक पोराच्या गळ्यात रंगीत फीत घातली. पायऱ्यांवरच्या बिट्टीपाशी पोहोचेपर्यंत तिच्या हातातल्या फिती संपल्या. बाई बुचकळ्यात पडली. बँडमधल्या सगळ्यांसाठी मोजून आणल्या होत्या म्हणे, बिट्टीची धरून.

मावशीने आपल्या गळ्यातला मफलर काढून बिट्टीच्या गळ्यात घातला. असं तिने शाळेच्या पोरांसमोर पहिल्यांदाच केलं.

तोवर बस आली. थंडीने काकडलेली पोरं आत घुसली. पीटीचे सर दारात उभे राहून डोकी मोजत होते. मावशी मोठ्या ड्रमची दोरी आवळून सगळ्यांत शेवटी चढली. सर म्हणाले सगळे आले, आणि ड्रायव्हरने बस काढली. दोन चौक ओलांडल्यावर मावशीच्या गळ्याला वारा लागला.

मफलर.

"सर, बिट्टी कुठाय?"

"आहे की. मोजलेत मी. सगळे आहेत."

मावशीने बस थांबवली आणि धावत मागे गेली. बिट्टी त्याच पायरीवर होती. आजूबाजूचे लोक पांगले होते. अंधार पडायला लागला होता.

"मी हात केला होता," बिट्टी म्हणाली. "सरांनी बघितलंसुद्धा माझ्याकडे."

मावशीने तिला पाठीवर घेऊन बसपर्यंत आणलं. आत चढली आणि थबकली.

एकही सीट रिकामी नव्हती.

येताना बिट्टीला बसायला सीट होती. मावशी बसच्या शेवटापर्यंत चालत गेली, एकेक चेहरा बघत. सगळे ओळखीचे. सगळे तिचेच. परका असा एकही चेहरा नाही. परत येताना पुन्हा एकेक पाहिला, तरी तेच. शेवटी ती स्वतःच्या जागेवर बसली आणि एवढ्या मोठ्या मुलीला मांडीवर घेतलं. पोरं हसली नाहीत. त्यांनी वळूनही पाहिलं नाही, आणि तिला तेच जास्त लागलं.

त्या रात्री तिने बिट्टीला आपल्या खोलीत झोपवलं. तिचा हात धरूनच झोपली. आता कानाला खडा, असं स्वतःला शंभरदा बजावलं. सकाळी निघायचं होतं. एकदा विमानात बसलो की सुटलो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळी खालच्या जेवणघरात नाश्ता चालला होता. मावशी पोरांना वाढत होती, कुणाला दूध, कुणाला पाव. तिचं मन एकदम हलकं झालं होतं. कुठलीच काळजी नव्हती. तेवढ्यात घरून काकांचा फोन आला. बँड कसा वाजला, थंडी किती, असं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि पायाची सूज उतरली का?"

मावशी म्हणाली…

"कुणाच्या पायाची?"

काकांना वाटलं, ती चेष्टा करतेय. ते हसले. त्यांचं हसणं ऐकत मावशी हातात दुधाचं भांडं घेऊन उभी होती, आणि तिला खरोखरच आठवत नव्हतं. किती वेळ, ते ती सांगू शकत नाही. मग काका म्हणाले, "अगं, आपल्या बिट्टीच्या."

भांडं हातातून पडलं.

ती जिना चढून वर धावली. खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली तिच्याच खिशात होती. आत बिट्टी जाकीट, बूट, मफलर घालून पलंगाच्या कडेवर बसली होती. हाताच्या मुठी दार वाजवून वाजवून लाल झाल्या होत्या.

"तू मला उठवलंस," बिट्टी म्हणाली. "केस विंचरलेस. मग कुलूप लावून गेलीस. आई, मी तुला आता नकोय का?"

मावशीने तिला उराशी धरलं आणि मोठमोठ्याने रडली. आमच्या घरात तिला रडताना कुणी पाहिलेलं नाही. पण लेक डोळ्यांसमोरून नव्हे, डोक्यातून निघून चालली होती, आणि हे आपल्याच छडीने केलंय, हे तिला लख्ख कळलं होतं. भूल पुन्हा पडायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. टकने जागा दिली, तर टकनेच ती परत घ्यायची. दुसरं तिला काही सुचलं नाही.

तिने बँडला वसतिगृहाच्या अंगणात रांगा लावायला सांगितल्या. सामान बसमध्ये चढत होतं. पीटीचे सर वैतागले, की विमान चुकेल, आता कसली हजेरी. मावशीने ऐकलं नाही. बिट्टीला खांद्याचा आधार देत तिसऱ्या रांगेपर्यंत नेलं. मैत्रिणीला म्हणाली, सरक. मैत्रीण म्हणाली, मॅडम, कुठे सरकू? मावशीने बिट्टीला त्या जागेत अक्षरशः घुसवलं. झांजांचे पट्टे तिच्या हातांत अडकवले. आणि पुढे येऊन छडी धरली.

पहिली रांग झाली. दुसरी झाली. ड्रम. टक. बासरी. टक.

बिट्टीने दुखऱ्या पायावर भार देऊन हात उचलले.

झांजा वाजल्या…

दोनदा.

एकदा, आणि लगेच मागोमाग पुन्हा एकदा.

आता बिट्टीची एक खोड होती. झांजा वाजवल्या की छातीला लावून आवाज बंद करायला ती विसरायची. मग मागे बारीक सळसळ राहायची. त्यावरून तिने किती बोलणी खाल्ली होती. मावशीने डोळे मिटले. डोळ्यांनी बसमध्ये दगा दिला होता, कान कधी देणार नाहीत असा तिचा विश्वास होता. सळसळ जिची, ती माझी.

"पुन्हा," ती म्हणाली. "एकेकदा."

झांजा. आणि मागे सळसळ.

थोडा वेळ गेला.

झांजा. आणि मागे सळसळ.

दोन्ही सारख्याच. दोन्ही बिट्टीच्याच.

अंगणात कुणी हललं नाही. पुढची बासरी टकची वाट बघत थांबलेली. मावशीने आणखी एकदा वाजवायला लावलं. आणि त्या दोन आवाजांच्या गडबडीत छडी टेकवली.

टक.

मावशी देवाशपथ सांगते, की तिने छडी टेकवली ती पहिल्या झांजांनंतर. दुसऱ्या वाजायच्या आधी.

पीटीचे सर सांगतात, की दुसऱ्यांनंतर.

त्यांना बाकी काहीच विचित्र वाटलेलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रांगेत बिट्टी होती, तिने पुन्हा पुन्हा झांजा वाजवल्या, मॅडमनी एकदा छडी टेकवली, आणि सगळे बसमध्ये बसले. बसमध्ये प्रत्येकाला सीट मिळाली. पोरांनी बिट्टीला हाका मारून आपल्याजवळ बोलावलं. भोंग्याने तिला स्वतःची फीत दिली.

बस निघाल्यावर मावशीने फक्त एकदा मागे वळून अंगणाकडे पाहिलं. अंगण मोकळं होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. बिट्टी कॉलेजात जाते. माझ्याशी भांडते, चहात बिस्किट बुडवून ते हमखास आत पाडते, परीक्षेच्या आदल्या दिवशी आजारी पडते. तिच्यात खोट काढावी असं मला आजवर काही दिसलेलं नाही. बघतो मी. बघू नये असं ठरवूनही बघतो. मावशीने बँड तेव्हाच सोडला. आता ती लहान मुलांना नुसतं गाणं शिकवते.

मध्यंतरी बिट्टीने मला विचारलं होतं, "दादा, आई माझ्याकडे अशी का बघते रे?"

मी म्हणालो, आई आहे, बघणारच. आणि उगाच विषय बदलला.

मावशीने ही गोष्ट सांगितली त्या दिवशी मात्र मी दाराआड तिला धीर द्यायला गेलो. म्हणालो, तू जिला आणलंस ती बिट्टीच आहे. आणि समजा दुसरं काही तिथे होतंच, तर त्याला टक मिळाली नाही. ते तिथेच राहिलं. तू सुटलीस.

मावशीने दाराकडे बघून आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तेच तर. जिला टक मिळाली नाही ती तिथून हलत नाही रे. माझाच नियम आहे. ती अजून त्या अंगणात उभी असेल, माझ्या छडीकडे बघत."

मी दाराची कडी काढायला उठलो.

"आणि ती जर माझी असेल," मावशी म्हणाली, "तर त्या सुजलेल्या पायावर पोर किती वर्षं उभी राहील?"